परकेपणा एक नव्हे, दोन



मी समाजशास्त्राचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामातला पहिला धडा असा की, लक्षण सारखं दिसलं म्हणून बिघाडही एकच असेल, असं धरून चालू नये. ‘मन लागत नाही, आपण कुणाचेच नाही असं वाटतं,’ ही तक्रार आपल्यापैकी अनेकजण करतात. या लक्षणामागे दोन वेगळे बिघाड असू शकतात.

पहिला म्हणजे परात्मता. कार्ल मार्क्सने 1844 मध्ये पॅरिसला लिहिलेल्या टिपणांत तो मांडला. कामगार चार गोष्टींपासून तुटतो : बनवलेल्या वस्तूपासून, प्रत्यक्ष कामापासून, स्वतःच्या माणूसपणापासून आणि इतर माणसांपासून. माझा मामेभाऊ भिवंडीत यंत्रमाग चालवतो. माग त्याचा नाही, कापड त्याचं नाही आणि कामाचा वेगही तो ठरवत नाही. मजुरी मात्र निघालेल्या कापडावर.

दुसरा म्हणजे प्रमाणकशून्यता, म्हणजेच ॲनॉमी. एमिल दुर्खीमने 1893 च्या श्रमविभागणीवरील ग्रंथात आणि 1897 च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात ती मांडली. माणसाच्या इच्छांना आपोआप मर्यादा नसते. किती पुरे, हे समाज शिकवतो. ही शिकवण सैल झाली की माणूस भरकटतो. म्हणूनच आर्थिक संकटात आत्महत्या वाढतात, तशा अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतात, असं त्याने दाखवलं.

हे माझ्याही वाट्याला आलं. पुण्यात नोकरी लागली आणि अब्बांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतका माझा पहिला पगार झाला. त्यांचे हिशेब मला लागू पडेनात आणि नवे कुणी शिकवले नाहीत. पगारवाढ झाली की आठवड्यात ती कमी वाटायची.

थोडक्यात, मार्क्सच्या माणसाला जखडलेलं असतं, तर दुर्खीमच्या माणसाला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं.

पुढे 1938 मध्ये रॉबर्ट मर्टनने ॲनॉमीचा धागा पुढे नेला : ध्येयं सर्वांना सारखी दाखवायची आणि वाटा मात्र सर्वांना सारख्या खुल्या ठेवायच्या नाहीत, तर ताण येणारच. पगाराची पावती हातात असूनही नाव ऐकून ज्याला भाड्याचं घर नाकारलं गेलं, त्याला हे वेगळं समजवायला नको.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. मामेभाऊ उदास होता तेव्हा मी त्याला ऐकवलं, ‘जरा शिस्त लाव, लवकर उठ.’ तो म्हणाला, ‘भाई, बारा तासांची शिस्त शेठनं लावलीच आहे.’ मी माझ्या आजाराचं औषध त्याला देत होतो. त्याला हवी होती वाजवी मजुरी, कमी तास आणि कामाबाबत बोलायचा हक्क. मला हवी होती चार माणसांची संगत, ‘एवढं पुरे’ म्हणणारी. दुर्खीमनेही व्यावसायिकांच्या मंडळांचा उपाय सुचवला होता.

मात्र एक जपा. रिकाम्या जागी तयार नियम घेऊन कुणीही येऊ शकतो. नियम हवेत, पण ते आपण मिळून, प्रश्न विचारत ठरवलेले.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘मन लागत नाही,’ तर सल्ला देण्याआधी विचारा : तुला कशानं बांधलंय, की सगळंच सुटलंय? उत्तर ऐका, मग बोला.