राशीची धूळ, डोळ्यांची खाज आणि औषधाचे थेंब



सोयाबीनची रास सुरू झाली की आपल्या जिल्ह्यात कळंब-वाशीपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत मळणीयंत्राभोवती भुसकटाचे लोट उठतात. बांधावर गाजरगवतही फुललेले असते. मग कुणाचे डोळे खाजतात, पाणी गळते, पापण्या सुजतात. दोन्ही डोळे खाजतात पण दुखत नाहीत, दिसतेही स्वच्छ, तर ती बहुधा ॲलर्जी, म्हणजे धुळीचे वावडे.

अशा वेळी बरेच जण दुकानातून थेंबांची बाटली आणतात, नाहीतर शेजाऱ्याकडची उरलेली घालतात. इथेच घात होतो. खाज शमवणारे साधे थेंब वेगळे आणि स्टेरॉइडचे वेगळे. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून माणूस तेच घालत राहतो. फार दिवस घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही होऊ शकतो.

दुसरा धोका मोठा आहे. धसकट, कुसळ किंवा उसाचे पाचट बुबुळाला लागले तर जखमेत बुरशी शिरते. तुरीला मर लागते ती फ्युजेरियम बुरशीने; त्याच कुळातली बुरशी माणसाच्या बुबुळावरही वाढते. तिथे स्टेरॉइड घातले की शरीराची प्रतिकारशक्ती दबते अन् बुरशीला रान मोकळे मिळते.

म्हणून एवढे करा :

१. रास करताना चष्मा लावा, तोंडाला रुमाल बांधा. काम झाल्यावर तोंड-डोळे स्वच्छ पाण्याने धुवा. डोळे चोळू नका. गार पाण्याची घडी ठेवा.

२. थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड समजा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

३. हात साबणाने धुवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटांनी घाला.

४. बाटली एकाची एकालाच. फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्याने फेकून द्या.

५. डोळ्यात काही गेले तर जिभेने काढू नका. दूध, मध, तूप घालू नका. फवारणीचे औषध उडाले तर थेंब शोधत बसू नका. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला असेल, तर रास अर्धी राहिली तरी चालेल. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रास उद्या होईल, बुबुळाची जखम उद्यावर टाकू नका.