नदीकाठची पाटी



अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात टॅलहॅची नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा एक विभाग आहे. कापसाची शेते, विरळ वस्ती आणि त्याच नावाची नदी. या नदीच्या काठी उभारलेली एक साधी पाटी पुन्हा पुन्हा नष्ट करण्यात आली. पत्र्याच्या एका तुकड्याचे एवढे भय कोणाला वाटावे?

ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला, गोऱ्या दुकानदाराच्या पत्नीशी आगळीक केल्याच्या आरोपावरून, रात्री घरातून उचलून नेण्यात आले. तीन दिवसांनी त्याचे विद्रूप प्रेत नदीत सापडले. समनर गावी खटला चालला. ज्यांच्या घरातून मुलाला नेले, त्या मोझ राईट या वाटेकरी शेतकऱ्याने भर न्यायालयात आरोपींकडे बोट दाखविले. परंतु ज्युरीतील बाराही पुरुष गोरे होते; ज्युरी मतदारांतून निवडली जाई आणि कृष्णवर्णीयांना मतदार होऊच दिले जात नसे. अवघ्या सदुसष्ट मिनिटांत दोन्ही आरोपी निर्दोष ठरले. जानेवारी १९५६ मध्ये, मोबदला घेऊन, त्यांनी एका नियतकालिकात खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालविता येत नव्हता.

त्यानंतर पन्नास वर्षे काउंटीत या घटनेची साधी खूणही नव्हती. न्यायालयाच्या आवारात पुतळा उभा होता तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा. इतिहास तेथे लिहिला जात नव्हता असे नव्हे. ज्यांच्या हाती जमीन व सत्ता, त्यांचाच तेवढा लिहिला जात होता.

कृष्णवर्णीयांना मताधिकार प्रत्यक्षात मिळाला, स्थानिक कारभारात त्यांचे प्रतिनिधी आले, तेव्हा हे बदलू लागले. जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय व गोरे नागरिक एका समितीत बसले. २००७ मध्ये त्याच न्यायालयासमोर टिल कुटुंबाची जाहीर क्षमा मागण्यात आली. २००८ मध्ये नदीकाठी पाटी लागली. ती चोरीस गेली. दुसरीची गोळ्यांनी चाळण झाली. २०१८ मध्ये लागलेल्या तिसरीवर पस्तीस दिवसांतच गोळ्या झाडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथी उभारली, ती गोळी न भेदणारी, सव्वादोनशे किलोंहून अधिक वजनाची. जुलै २०२३ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली.

पाटीने न्याय होत नाही, हे खरेच. गुन्हेगार शिक्षेवाचून मेले. तरीही मुलाच्या आईने, मेमी टिल यांनी, १९५५ मध्ये शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला होता. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे म्हणून. नदीकाठची पाटी तेच काम पुढे चालविते. आणि गोळ्यांनी चाळण झालेली पाटी तर त्याहून अधिक सांगते: मुलाला मारणारी वृत्ती अद्याप मेलेली नाही. ज्या समाजाला आपल्या रस्त्याकडेला सत्य उभे करण्यासाठी पोलादाची जाडी वाढवावी लागते, त्याची लढाई संपलेली नसते. मात्र ती सोडून देण्यासही तो तयार नसतो.