नाही म्हणण्याच्या नाना तऱ्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील आदरणीय गुरुजन, शाळेचे सर्व आजी-माजी कर्मचारी आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय सुचवला होता. पण त्या विषयात आपली मुलं आपल्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून मी परवानगी काढून विषय बदलून घेतला. मी आज बोलणार आहे ते इंग्रजीच्या पेपरातल्या दोन मार्कांच्या प्रश्नावर. 'विरुद्धार्थी शब्द लिहा.' आठवतोय ना?

आपल्या पिढीला ए-बी-सी-डी भेटली पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, तोवर आपली दहावी होऊन गेली होती. त्यामुळे आपण पाठांतरावर निभावलं. हॅपीचं अनहॅपी, पॉसिबलचं इम्पॉसिबल, रेग्युलरचं इररेग्युलर, ऑनेस्टचं डिसऑनेस्ट. एकाला 'अन', दुसऱ्याला 'इम', तिसऱ्याला 'इर', चौथ्याला 'डिस' का, हे आपण विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता, चाळीस मिनिटांचा तास आणि साठ-सत्तर पोरं.

त्याचं उत्तर तसं सोपं आहे. इंग्रजी ही दोन-तीन घरांतून भांडी गोळा करून मांडलेली चूल आहे. 'अन' हे तिचं स्वतःचं, घरचं भांडं. 'इन', 'डिस' आणि 'नॉन' ही लॅटिनकडून, बरीचशी फ्रेंचमार्गे आलेली. घरच्या शब्दाला शक्यतो घरचा 'अन', पाहुण्या शब्दाला पाहुणा 'इन', असा साधारण रिवाज. तो काटेकोर पाळला जात नाही, म्हणून पाठांतर सुटत नाही. आणि 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. पुढे 'प' किंवा 'म' आला की 'इम', 'ल' आला की 'इल', 'र' आला की 'इर'. ही आपली संधीच झाली. निः आणि फळ मिळून निष्फळ, निः आणि जीव मिळून निर्जीव, निः आणि रस मिळून नीरस. मराठीच्या तासाला जे शिकलो तेच पुढच्या तासाला इंग्रजीत होतं, फक्त मधे घंटा वाजायची आणि आपण वही बदलायचो.

हे साम्य योगायोगाचं नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं, असं भाषणात मांडलं. पुढे अभ्यासकांनी ते पक्कं केलं. आपला 'अ' किंवा 'अन्', ग्रीकांचा 'अ' किंवा 'अन्', लॅटिनचा 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' ही चारही एकाच आजीची नातवंडं. अमृत म्हणजे जे मरत नाही. इंग्रजीतला 'इम्मॉर्टल' म्हणजेही तेच, आणि ग्रीक देवांचं अन्न 'अँब्रोसिया' हाही त्याच धातूचा, त्याच नकाराचा शब्द. 'अज्ञात' आणि 'अननोन' घ्या. 'नो' म्हणजे जाणणे, या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक मुका 'के' का, असा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना पडला होता. आपल्या 'ज्ञ'मधला 'ज्' आणि तो मुका 'के' एकाच मूळ उच्चारातून आलेले आहेत. आपण तो अजून लिहितो आणि म्हणतो, त्यांनी नुसता लिहिण्यापुरता ठेवला.

याच घराण्यातला 'अनकूथ' हा शब्द मला फार आवडतो. त्याचा जुना अर्थ 'अनोळखी' एवढाच होता. आज त्याचा अर्थ गावंढळ, असंस्कृत. आपल्यापैकी जे कोणी ट्रंक घेऊन पहिल्यांदा पुण्याला गेले, त्यांना हा प्रवास समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या घरात येऊ. इंग्रजीच्या गोंधळाला आपण हसतो, पण मराठीचं स्वयंपाकघर काही कमी भरलेलं नाही. संस्कृतचे अ, अन्, निर्, दुर्. घरचा अन, जसा अनोळखीमध्ये. घरचाच बिन, जसा बिनविरोध, बिनपगारी, बिनचूकमध्ये. आणि फारसी-अरबीकडून आलेले बे, ना आणि गैर.

१३४७ साली बहामनी राज्य उभं राहिलं तेव्हापासून दख्खनेत फारसी ही दरबाराची भाषा. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी 'बे' आणि 'ना' लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. आपला मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, घरात मराठी. आपल्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण उर्दूतून शिकलेले. त्यामुळे नामंजूर, बेदखल, बेवारस, गैरहजर हे शब्द आपल्याला परके वाटतच नाहीत.

मराठीने मग हे उपसर्ग कुणालाही लावले. 'बेचव', 'बेशुद्ध' यांत उपसर्ग फारसी आणि शब्द आपला. 'नापीक'ही तसाच. आणि आपल्या सगळ्यांचा लाडका शब्द 'नापास'. त्यात 'ना' फारसी आणि 'पास' इंग्रजी. इराण आणि इंग्लंड यांची गाठ मराठी शाळेच्या निकालपत्रावर पडली!

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. नोकरीनिमित्त मी काही वर्षं हैदराबादला होते. तिथे रिक्षावाल्यापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे म्हणतात 'नक्को'. हा आपला 'नको', दखनीने मराठीकडून घेतलेला. आणि घ्यावा असाच शब्द आहे तो. नाही, नको, नये, नव्हे, नसे. नकाराच्या प्रत्येक छटेला मराठीत वेगळा शब्द आहे. इंग्रजीला प्रत्येक वेळी 'नॉट' घेऊन वाक्य जुळवावं लागतं.

या उपसर्गांमध्ये अर्थाचे बारकावेही आहेत. 'बे' म्हणजे नसणे. 'गैर' मात्र बऱ्याचदा नसण्यापेक्षा चुकीचं असणं सांगतो. गैरसमज म्हणजे समज नाही असं नव्हे. समज आहे, पण उलटी आहे. म्हणून तो दूर करणं जास्त अवघड. इंग्रजीत हे काम 'मिस' करतो. तिथेही अशा जोड्या आहेत. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो, 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा असावा, पहिल्या प्रकारचा नको.

काही शब्द तर सरळ चकवतात. टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. त्यातला 'इन' नकाराचा नाही. तो 'आत' या अर्थाचा आहे. शब्दाचा अर्थ पटकन पेट घेणारा. ज्याने तो 'न पेटणारा' असा वाचला, त्याने जवळ बिडी ओढू नये. मराठीत 'अनुदान'मधला 'अनु' नकार नाही, आणि 'अघोर' हा शब्द संस्कृतात 'भयंकर नसलेला' असा असून मराठीत भयंकराच्याच अर्थाने चालतो.

माझ्या धंद्यातला रोजचा शब्द 'अनलॉक'. जून २०२० मध्ये सरकारने टाळेबंदी उठवायला सुरुवात केली तेव्हा तो गावोगाव पोहोचला. हा 'अन' वेगळा आहे. 'अनहॅपी'तला 'अन' सांगतो 'नाही'. 'अनलॉक'मधला सांगतो 'जे केलं ते उलटं कर'. दिसायला जुळे, पण जन्म वेगळा. म्हणून 'अनलॉकेबल' या शब्दाचे दोन अर्थ निघतात: कुलूप लावता न येणारं, किंवा कुलूप उघडता येणारं. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही असे शब्द आणि नकारावर नकार टाळतो, कारण मशीन चकत नाही, पण सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम वाचणारा माणूस चकतो.

मित्रहो, इथवर गंमत झाली. आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगते. कचेरीच्या कागदावर हाच एक उपसर्ग माणसाची झोप उडवतो.

पहिला शब्द, एन.ए. प्लॉट घेताना प्रत्येक जण विचारतो, 'एन.ए. आहे का?' एन.ए. म्हणजे नॉन-अ‍ॅग्रिकल्चरल, अकृषिक. जमीन शेतीखेरीज वापरायला परवानगी आहे, एवढंच तो शब्द सांगतो. मालक खरा आहे का, जमिनीवर बोजा किंवा भावकीचा वाद आहे का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ते सातबारा, फेरफार पाहूनच कळतं.

दुसरा, एन.सी. ठाण्यात तक्रार दिली आणि 'एन.सी. घेतली' असं ऐकलं की घरचे निश्चिंत होतात. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे नोंद झाली, पण तपास सुरू झाला असं नव्हे. एफ.आय.आर. आणि एन.सी. यांतला फरक त्या एका 'अ'चा आहे.

तिसरा, अजामीनपात्र. शब्दाची बनावट बघा: 'अ' आणि 'पात्र' संस्कृत, मधला 'जामीन' अरबी. हा शब्द ऐकला की घरातली बाई कोसळते. तिला वाटतं, जामीन आता कधीच नाही. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो; अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायालय परिस्थिती पाहून देऊ शकतं. 'अजिबात नाही' आणि 'आपोआप नाही' यांत केवढं अंतर आहे! हे अंतर माहीत नसलेल्या माणसाला कुणीही घाबरवून पैसे काढू शकतो.

चौथा, नॉन-क्रिमीलेयर. १९९२ च्या इंद्रा सहानी निकालानंतर इतर मागासवर्गातल्या पुढारलेल्या घरांना, म्हणजे सायीच्या थराला, आरक्षणातून वगळण्याची पद्धत आली. मराठीत प्रमाणपत्र असतं 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचं'. आणि आपण सेतू केंद्रात जाऊन काय म्हणतो? 'क्रिमीलेयर काढायचंय.' नेमका 'नॉन'च गाळतो. खिडकीतला माणूस समजून घेतो म्हणून निभावतं. ऑनलाइन फॉर्म समजून घेत नाही. तिथे 'हो' की 'नाही' एवढंच असतं, आणि चुकीच्या चौकटीत खूण केली की पोराची जागा जाते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो येतात, ते येऊ द्या. पण ज्याला असा कागद येईल, त्याने सही करण्याआधी तोही टाकावा. आपल्यात वकील आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत, पोलिसात असलेले आहेत. 'हा नॉन कशाला लावलाय?' एवढं विचारायला लाजू नका.

शेवटचा मुद्दा जरा मनाला लागणारा आहे. जमिनीला अकृषिक म्हटलं तर जमिनीला वाईट वाटत नाही. माणसाला काय नाही यावरून नाव दिलं तर वाटतं. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याच्या भाषेत माती खोदणारं काम 'अकुशल'. आपल्या भागात दिवाळी झाली की जी जोडपी कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, त्यांनाही लोक तोच शब्द चिकटवतात. पहाटेच्या थंडीत बुडाशी ऊस छाटायचा, वाढं काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पंचवीस वर्षं संगणकासमोर बसलेल्या मला यातलं एकही काम येत नाही. आज समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या आईवडिलांनी ते केलंय. त्या कामाला 'अकुशल' म्हणणाऱ्या शब्दकोशात काहीतरी नादुरुस्त आहे.

शाळेतही बघा. घंटा देणारे, हजेरीपट आणणारे, दाखले लिहिणारे यांना आपण 'शिक्षकेतर' म्हणतो, म्हणजे शिक्षक नसलेले. त्यांची घंटा नसती तर एकही तास संपला नसता, आणि सुरूही झाला नसता. म्हणून मी सुरुवातीला मुद्दाम तो शब्द टाळला.

आणि 'नापास'. आपल्या बॅचमधले कितीतरी जण मार्चमध्ये अडकले, ऑक्टोबरला बसले, काही पुन्हा बसलेच नाहीत. अलीकडे मंडळाने गुणपत्रिकेवर 'फेरपरीक्षेस पात्र' असे शब्द आणले. काहींनी त्याला हसून घेतलं, पण मला तो बदल पटतो. 'नापास' मागे बघतो, 'पात्र' पुढे बघतो. ज्यांना त्या वेळी हा शब्द मिळाला नाही, त्यातल्या काहींची मोंढ्यात दुकानं आहेत, काहींच्या शेतात ठिबक आहे, आणि आजच्या मंडपाचा, जेवणाचा सगळा भार त्यांनीच उचललाय. त्यांच्यापैकी काही जण येताना बिचकत होते, असं कळलं. त्यांनी पुढच्या वेळी बिचकू नये.

इंग्रजीतला 'इनव्हॅल्युएबल' दिसतो 'किंमत नसलेला' असा, पण त्याचा अर्थ आहे ज्याची किंमत करता येत नाही इतका मोलाचा. मराठीतला 'अमूल्य' अगदी तसाच. आपल्या गुरुजनांचे पगार आणि त्यांनी दिलेला वेळ यांचा हिशेब मांडला, तर हाच एक नकारार्थी उपसर्ग मला मनापासून लावावासा वाटतो.

आपण बोलावलंत, आणि नाना तऱ्हा माहीत असूनही नाही म्हणता आलं नाही.