बाबांची सोनोग्राफी : धार बारीक झाली तर काय तपासतात?

आजचा भाग बाबांबद्दल आणि आजोबांबद्दल आहे. पण ते काही पॉडकास्ट ऐकत नाहीत, म्हणून ऐकायचं तुम्ही आणि घरी विषयही तुम्हीच काढायचा.

विषय आहे लघवीचा. हसा हवं तर, पण पूर्ण ऐका.

घरातला साठीचा माणूस रात्री चार-चार वेळा उठतो. बाथरूममध्ये बराच वेळ उभा राहतो. यवतमाळहून वणीला किंवा पुसदला एसटीने जायचं असेल तर सकाळपासून पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणतो, "वय झालं बाप्पा, चालायचंच." आपणही ते मान्य करून मोकळे होतो. गोम इथेच आहे.

पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. लघवीची नळी हिच्या मधूनच जाते. तरुणपणी ती साधारण 20 मिलीची असते, वय वाढलं की बऱ्याच जणांची फुगते. हा कॅन्सर नव्हे, साधी वाढ असते. पण नळी दाबली जाते आणि धार बारीक होते.

आता शेतातला पंप आठवा. पाणी कमी येतंय. मोटार कमजोर झाली, का पाइपात काही अडकलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणसाचंही तसंच. धार बारीक असण्याचं कारण नळीतला अडथळा असू शकतं, किंवा पिशवीचा स्नायूच थकलेला असू शकतो. मधुमेहात असं होतं. दोन्हींचे उपचार वेगळे. नळी मोकळी करायचं ऑपरेशन केलं आणि दोष स्नायूत निघाला, तर पेशंटला हवा तसा फायदा होत नाही.

याचा पक्का निकाल देणारी तपासणी आहे, तिला युरोडायनॅमिक म्हणतात. त्यात लघवीच्या वाटेने बारीक नळी आत घालून दाब मोजतात. माहिती चांगली मिळते, पण त्रास होतो, कधी कधी इन्फेक्शनही होतं. ती सगळ्यांना लागत नाही. बहुतेकांची सुरुवात पोटावर जेल लावून केलेल्या सोनोग्राफीने होते. सुई नाही, नळी नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत.

पण आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की डोळ्यांसमोर गरोदर बाई येते. 1994 च्या कायद्यामुळे प्रत्येक सेंटरवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा बोर्ड असतो. तो हवाच. पण तो वाचून एखाद्या आजोबांना वाटतं, आपलं इथं काय काम? तर त्यांचं काम काय, ते सांगतो.

पहिलं, प्रोस्टेटचा आकार. लांबी, रुंदी, उंची मोजतात, गुणाकार करतात आणि त्याला 0.52 ने गुणतात. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. मोठ्या प्रोस्टेटवालाही आरामात लघवी करतो, आणि छोट्यावालाही अडतो.

म्हणून दुसरं, प्रोस्टेट पिशवीत किती घुसली आहे. हा भाग 10 मिलिमीटरपेक्षा जास्त आत आला असेल तर अडथळ्याची शंका बळावते. तो दरवाज्यात अडकलेल्या दगडासारखा वाट अडवतो.

तिसरं, पिशवीच्या भिंतीची जाडी. रोज जोर काढणाऱ्या पैलवानाचा दंड जाड होतो ना, तसंच हे. अडथळ्याविरुद्ध रोज जोर लावून पिशवीचा स्नायू जाड होतो. पिशवी पुरेशी भरलेली असताना हा स्नायू 2 मिलिमीटर किंवा जास्त जाड दिसला, तर अडथळा असण्याची शक्यता बरीच वाढते. ही जाडी बारकाईने मोजावी लागते, सगळ्या रिपोर्टमध्ये ती नसते. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

चौथं, लघवी करून आल्यावर आत किती उरली. 50 मिलीपेक्षा कमी असेल तर सहसा काळजी नसते. वारंवार 300 मिलीच्या वर उरत असेल तर दुर्लक्ष अजिबात नको.

पाचवं आणि सगळ्यात मोलाचं, किडन्या. लघवी तुंबून उलटा दाब वर गेला की किडन्या फुगतात. हे पुष्कळदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असू शकतो.

सोबत धारेचा वेग मोजणारं यंत्रही असतं. त्यात फक्त लघवी करायची. किमान 150 मिली झाली तर आकडा विश्वासाचा. सर्वाधिक वेग सेकंदाला 10 मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय घेतात. पण थकलेल्या स्नायूचा वेगही कमीच येतो, म्हणून डॉक्टर सगळं जोडून बघतात. तरी उलगडा झाला नाही, तर मग नळीवाली तपासणी.

जाताना एक लक्षात ठेवा. पाणी पिऊन जायचं, पण पिशवी फुटेस्तोवर थांबायचं नाही. गच्च भरलेली पिशवी नीट रिकामी होत नाही, मग उरलेल्या लघवीचा आकडा खोटा मोठा येतो. तसं झालं तर पुन्हा मोजून घ्या.

कधी थांबायचंच नाही? लघवी पूर्ण बंद झाली आणि पोट फुगलं, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. लघवीत रक्त आलं किंवा थंडी वाजून ताप आला, तरीही. आणि म्हातारा माणूस अचानक अंथरूण ओलं करू लागला तर त्याला रागावू नका. भरलेल्या रांजणातून पाणी सांडावं तशी तुंबलेली लघवी सांडत असू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

कुठं जायचं? आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. गरज पडली तर ते यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील. अनेकांचं गोळ्यांवर भागतं. ऑपरेशन निघालंच, तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा.

आज जेवताना एवढंच विचारा, "बाबा, रात्री किती वेळा उठता?" उत्तर दोनपेक्षा जास्त आलं, तर येत्या आठवड्यात त्यांना गाडीवर मागे बसवा आणि घेऊन जा. ते नाही म्हणतील. तुम्ही सोबत आहात म्हटल्यावर येतील.

भेटू पुढच्या भागात.