ऑफिसातल्या कॉम्प्युटरची किल्ली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रम समितीने मला ‘बँकेतल्या आठवणी’ सांगायला बोलावलं. सांगतो, पण शाळेतल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करतो.

आपल्या वॉचमनची मुलगी यंदा दहावीत आहे. आई गावी, धानोरा तालुक्यात. ही इथे वडिलांजवळ राहून शिकते. जूनमध्ये शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला माझ्याकडे आली. नववीत कॉम्प्युटरला ‘अ’ श्रेणी! म्हटलं, बाळ, तूच भर. तर तिने माउस दोन्ही हातांनी धरला. सीपीयूची आकृती वहीत सुरेख काढलेली, पण की-बोर्डला कधी बोट लागलेलं नाही. शाळेतल्या संगणक कक्षाला कुलूप आहे म्हणाली.

मी हसलो नाही. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत संगणक आणा म्हणून शिफारस केली, तेव्हा छातीला काळी फीत लावून विरोध करणाऱ्यांत मीही होतो. आमचं गडचिरोलीकडचं काम म्हणजे हातभर लांबीची लेजरं आणि कंदील. पुढे चाळिशी उलटल्यावर मशीन टेबलावर आलंच. पहिल्या आठवड्यात माझ्या एका चुकीच्या बटणाने रात्री दहापर्यंत दिवसाचा हिशेब जुळला नाही. पण शिकलो, कारण मशीन माझ्यासमोर होतं.

शाळांसाठी केंद्राची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. आपल्या राज्यात पुष्कळ शाळांत ठेकेदार कंपनीने संगणक बसवायचे, पाच वर्षं चालवायचे, मग शाळेच्या ताब्यात द्यायचे, असं ठरलं. पिठाच्या चक्कीला कर्ज देतानासुद्धा आम्ही विचारायचो, बापा, पट्टा तुटला तर पैसे कुठून आणशील? इथे सहाव्या वर्षाचं कोणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

असो. आपल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. मी तो मागून घेतला आणि दर रविवारी तिला बसवू लागलो. टायपिंगचा तिला कंटाळा. मग ती आईची तेंदूपत्त्याची वही घेऊन आली. मे महिन्यात मायलेकी पहाटेच जंगलात जातात. सत्तर पानांचा एक पुडा, भाव शंभर पुड्यांचा. तारीख, पुडे, भाव, मिळालेले पैसे असे रकाने तिने स्वतः आखले. बेरजेचं सूत्र मी एकदाच दाखवलं. उत्तर आलं तशी ती गप्प झाली. दोनशे पुड्यांचे पैसे कमी मिळाले होते. परत बेरीज केली, तेवढेच. त्याच संध्याकाळी तिने बापाला फोन लावायला सांगितलं. तेंदूफळीवरच्या मुन्शीने ‘बघतो’ म्हटलंय. अजून बघतोच आहे. कागद छापून आईकडे पाठवलाय.

आता तिच्यासोबत आणखी तीन मुलं येतात, त्यात बी विंगमधली दोन. विजेच्या बिलाचा प्रश्न सभेत निघाला होता. ते मी भरतो, विषय संपला. पण माझे डोळे आता साथ देत नाहीत. तुमच्यापैकी कोणी रविवारी दहा ते बारा बसणार असेल, तर किल्ली माझ्याकडे आहे, दुसरा मजला.