इथल्या फळ्यापासून आंतरराष्ट्रीय शाळेपर्यंत

(शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे डी.एड. किंवा बी.एड. आहे. काही जण विनाअनुदानित शाळेत राबताय, काही टीईटी देऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलाय. २०२३ मध्ये शिक्षणसेवकाचं मानधन वाढलं, तेव्हा प्राथमिकला ते १६,००० रुपये झालं. त्याआधी ६,००० होतं. त्यामुळे ‘बाहेर काही जमतं का?’ हा प्रश्न हावरेपणाचा नाही. तो विचारताना आवाज खाली करू नका.

मी कोकणातली. आमच्याकडे आखात नवीन नाही. घरटी एक माणूस तिकडे नाहीतर जहाजावर. पण जायचे ते खलाशी, ड्रायव्हर, फिटर, हिशेबनीस, आणि बहुतेक पुरुषच. मी रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत आठ वर्षं गणित शिकवलं, मग मुंबईत केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत पाच वर्षं, आणि आता शारजात शिकवते.

मधल्या पाच वर्षांबद्दल आज जास्त बोलणार आहे, कारण लोक तीच पायरी गाळायला बघतात.

‘आंतरराष्ट्रीय शाळा’ म्हणजे परदेशातली शाळा नव्हे, हे आधी लक्षात घ्या. आखातात सीबीएसईच्या भारतीय शाळा पुष्कळ आहेत. तिथे शिकवणं इथल्यासारखंच, फक्त हवा गरम. आणि केंब्रिज किंवा आयबी शिकवणाऱ्या शाळा मुंबई-पुण्यातही आहेत. अनुभव मोजला जातो तो अभ्यासक्रमाचा. दोन-तीन वर्षं आयजीसीएसई शिकवलं असेल, तर बाहेरची शाळा तुमचा अर्ज वेगळ्या नजरेनं वाचते.

मुंबईच्या मुलाखतीला जाताना मला धास्ती होती इंग्रजीची. उच्चारांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावला आणि नंतर एकच विचारलं: मागच्या बाकावरच्या मुलीला समजलं नाही, हे तुम्हाला कधी कळलं? साठ मुलांच्या वर्गात मी आठ वर्षं हेच शोधत आले होते. तिथे साधनं कमी होती, नजर मात्र तयार झाली होती. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकवलंय म्हणून मान खाली घालून मुलाखतीला जाऊ नका.

बदलावं लागतं ते वेगळंच. आपल्याकडे दहावीला बीजगणित आणि भूमितीचे वेगळे पेपर. तिकडे सगळं एकत्र, संख्याशास्त्रासकट. शिवाय केंब्रिजच्या मार्क स्कीममध्ये रीतीला गुण वेगळे असतात आणि उत्तराला वेगळे. त्यामुळे शिकवण्याचा जोरच बदलतो. ‘हे सूत्र, घाला किमती’ म्हणून भागत नाही. मुलानं आपला विचार कागदावर मांडावा लागतो. जुने पेपर आणि मार्क स्कीम केंब्रिजच्या संकेतस्थळावर मिळतात. एक पेपर स्वतः सोडवा, स्वतःच तपासा. कुठल्याही महागड्या कार्यशाळेआधी हे करा.

आता कागदपत्रं. पदवीवर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीसारख्या देशासाठी त्यांच्या दूतावासाचं. याला महिने जातात. शेख या एका आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं आपल्या घराघरांत तीन-तीन सापडतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. ते आत्ताच सारखं करून घ्या. पदवी दूरशिक्षणातून असेल तर काही आखाती देशांत ती मान्य व्हायला अडचण येते. हे त्या शाळेला आधीच विचारा.

पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासा. चांगली शाळा तर व्हिसाचा खर्च स्वतःच करते. ‘चुलतमामाच्या ओळखीचा आहे’ ही नोंदणी नव्हे.

करारात एकूण पगाराआधी मूळ पगार बघा. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांची ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी मिळते. मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे असतील, तर सोडताना हातात कमी पडतं.

आणि एक कडू गोष्ट. कित्येक शाळांत एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवणाऱ्या दोघांचे पगार सारखे नसतात. पासपोर्ट ब्रिटिश असेल तर घर, विमानभाडं, मुलांची फी. आपला असेल तर बरंच कमी. मी हे पाहिलंय, सोसलंय, आणि मला ते आजही अन्याय्यच वाटतं. पहिल्या कराराच्या वेळी भांडायची ताकद नव्हती. दुसऱ्या वेळी मी निकालांचे कागद समोर ठेवले आणि मुलीची फी माफ करून घेतली. पगार मात्र आजही सारखा नाही.

‘तुम्ही गेलात, मग आपल्या शाळांचं काय?’ असं मला दर सुट्टीत कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्यांत संस्थाचालकही असतात, याची गंमत वाटते. ज्यांनी बाईंना सही एका आकड्यावर करायला लावायची आणि हातात दुसराच ठेवायचा, त्यांनी सेवेची भाषा जपून वापरावी. पण प्रश्न खोटा नाही. माझ्या जुन्या शाळेत मी गेल्यावर वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता, आणि दहावीच्या मुली तशाच परीक्षेला बसल्या. तिथे आता शिकवणाऱ्या दोघींशी मी दर शनिवारी ऑनलाइन बसते. एक धडा घेऊन तो कसा शिकवायचा यावर आम्ही वाद घालतो. त्यानं शाळेतली रिकामी जागा भरत नाही, हे मला माहीत आहे. त्यातली एक आता मुंबईत अर्ज करतेय, आणि तिला शिफारसपत्र मीच लिहून दिलंय.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या शाळांची भरती साधारण आदल्या हिवाळ्यापासूनच चालू होते, म्हणजे तुमच्या हातात फार वेळ नाही. आता प्रश्न विचारा. पगाराचं विचारायला लाजू नका, आकडे लिहून आणलेत.