मासे, भाजी आणि भराव

मासे अमोनिया सोडतात; जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात; भाजीची मुळे ते शोषून घेतात आणि पाणी पुन्हा माशांकडे जाते. अ‍ॅक्वापोनिक्सचे तत्त्व एवढेच. परंतु पंप बंद पडला की मासे गुदमरतात. आणि आपल्या खेड्यांतील वीज कशी असते, हे सांगावयास नको!

पूर्व कोलकात्यातील श्रमिकांनी याच जातीचे चक्र उन्हाच्या बळावर चालविले आहे. शहराचे सांडपाणी ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत साठते, शेवाळ वाढते, त्यावर मासे पोसतात. शेजारी धापा येथे भाजी पिकते. या पाणथळ भूमीचा वापर बदलण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ साली मनाई केली. २००२ साली तिच्या १२,५०० हेक्टरांस रामसर यादीत स्थान मिळाले. तरीही भराव पडतच राहिले, आणि तळे बुजले की तेथील मच्छीमाराची मजुरीही बुडते.